दुधारी औषध

भाकरीवरील बुरशी आपण सहज खरवडून टाकतों. तीच शरीरांत खोल शिरली म्हणजे वैद्याची खरी कसोटी लागते. जंतूभोंवती जी भिंत असते ती आपल्या पेशींस नाहीं. पेनिसिलिन तिच्यावरच घाव घालतें, आपण सुरक्षित राहतों. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीची जवळची आप्त. भेद थोडके; त्यांतील एक असा कीं, तिच्या आवरणांत अर्गोस्टेरॉल असतें, आपल्यांत कोलेस्टेरॉल.

व्हेनेझुएलाच्या मातींतील एका सूक्ष्म जीवापासून १९५५ च्या सुमारास मिळालेलें अँफोटेरिसिन बी हाच भेद हेरतें. अर्गोस्टेरॉलला चिकटून तें आवरणास छिद्रें पाडतें व बुरशी मरते. परंतु नेम पुरता अचूक नाहीं. मूत्रपिंडांसहि इजा पोहोंचते. स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म कोशांत भरून दिल्यास ही इजा पुष्कळ कमी होते.

२०२१ सालीं कोविडपाठोपाठ महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिस फैलावला, तेव्हां याच औषधासाठीं रुग्णांच्या आप्तांची धांवाधांव झाली. तथापि केवळ औषध पुरत नाहीं : सडलेला भाग शस्त्रक्रियेनें काढावा लागतो, रक्तांतील साखरहि आटोक्यांत आणावी लागते. म्हणून मधुमेही मनुष्याच्या नाकांतून काळपट स्राव येऊं लागला, किंवा चेहरा एका बाजूस सुजला वा बधिर झाला, तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांकडे जावें.