कुर्ल्याचा डॉज वाचवावा की भंगारात द्यावा?

गंजलेला जुना ट्रक पाहिला की बघणारा आधी विचारतो, इंजिन चालू होईल का? हा प्रश्न खरे तर सगळ्यांत शेवटी विचारायला हवा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून काही दिवस मुरू दिले आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवला, तर ते पुष्कळदा सुटते. नाही सुटले तरी बोअर करता येते, रिंगपिस्टन बदलता येतात, ब्लॉकच तडकला असेल तर दुसरे इंजिन बसवता येते. चेसिस सडली असेल, तर मात्र त्या ट्रकवर खर्च करण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या उपनगरांना हा विषय जवळचा आहे, कारण असे कित्येक ट्रक इथेच जन्मले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्यात गाड्या जुळवायला घेतल्या. प्रीमियर म्हटले की लोकांना पद्मिनी आणि काळीपिवळी टॅक्सी आठवते. पण त्याच कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांचे ट्रकही बाहेर पडले. पुढे त्यांतले बरेच उपनगरांत पाण्याचे टँकर म्हणून राबले. कारखाना गेला, मोटारींच्या त्या काळाची खूण म्हणून कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव तेवढे उरले.

ही तीन नावे मुळात एकाच घराण्यातली. दर्शनी जाळी आणि बिल्ला वेगळा, आतला ट्रक बहुतांशी तोच. त्यामुळे डॉजला हवा असलेला भाग एखाद्या मोडीत निघालेल्या फार्गोवर सापडू शकतो. शोधणाऱ्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात विचारताना तिन्ही नावे सांगावीत.

तपासणीची सुरुवात गाडीखाली झोपून करावी. चेसिसच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि पाटे जिथे टांगलेले असतात ते ब्रॅकेट, या जागा महत्त्वाच्या. जिथे एका पत्र्यावर दुसरा पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो, तिथे दोन्हींच्या फटीत पाणी साचते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगत जातो आणि पत्रे एकमेकांपासून उचलतो. टँकर म्हणून वापरलेल्या ट्रकची मागची बाजू तर दोनदा पाहावी. तिच्यावर पाणी सतत ठिबकलेले असते. त्यात मुंबईचे चार महिन्यांचे पावसाळे आणि बारमाही खारी हवा.

अनुभवी मिस्त्री हातोडीने ठोकून ऐकतो. आवाज खणखणीत आला तर वरचा तांबूस थर नुसता घासून काढायचा असतो. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर तिथे लोखंड उरलेले नाही. रंग चकचकीत असेल तर केबिनवर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते.

केबिनची गोष्ट निराळी. आपल्याकडे कित्येक ट्रक नुसती चेसिस आणि पुढचे तोंड एवढेच विकत घेतले जात. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार लाकडात, पत्र्यात बांधत. लाकूड कुजले, वाळवी लागली, तरी ते काम पुन्हा करता येते. दुर्मीळ असतात ते कारखान्यात साच्यातून निघालेले भाग: बॉनेट, मडगार्ड, जाळी. त्यांची दुहेरी गोलाई हाताने ठोकून आणणारा डेंटर मिळणे अवघड आणि महाग. म्हणून तोंड शाबूत असलेला, पण इंजिन नसलेला डॉज हा चालू इंजिनाच्या, तोंड बदललेल्या डॉजपेक्षा घेण्याजोगा.

टाटाचे जुने ट्रक या बाबतीत सुदैवी. १९५४ पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ते बनू लागले, १९६९ मध्ये करार संपला, तरी त्याच घडणीचे ट्रक पुढेही निघत राहिले आणि देशभर पसरले. महिंद्राच्या जुन्या जीपचेही तसेच. या गाड्यांना भाग मिळतात. कुर्ल्याच्या ट्रकांचा वारसदार मात्र कुणी उरला नाही.

पैसे देण्याआधी आरसी बुक हातात घ्यावे आणि चेसिसवर कोरलेला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. गंजाने तो क्रमांकच खाल्ला असेल तर पुढचा व्यवहार थांबवलेला बरा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई. पण नियमाची भाषा खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींची आहे आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत अशी अटही आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या ट्रकच्या मालकाने काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारून घ्यावे.

शिवाय जागा. अंधेरी किंवा बोरिवलीत मोटार ठेवायला जागा मिळत नाही, तिथे ट्रक महिनोन्‌महिने सुटा करून कुठे ठेवणार? उघड्यावर ठेवला तर एका पावसाळ्यात केलेले काम वाया जाते. शेड आधी, ट्रक नंतर, हाच क्रम योग्य.

घातलेला पैसा विक्रीतून परत येईल, या आशेवर कुणी यात पडू नये. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या गेल्या, त्यांच्या रॅली निघतात. शहराला वाळू, विटा आणि पाणी पुरवणारे ट्रक मात्र मोडीत गेले. म्हणूनच भक्कम चेसिस, मूळ तोंड आणि स्वच्छ कागद असलेला कुर्ल्याचा डॉज तोटा सोसूनही वाचवण्याजोगा आहे. ज्याच्यात यांतले काहीच नाही, त्याचे गिअरबॉक्स, हब, स्टिअरिंग अशा एखाद्या डॉजसाठी काढून ठेवावेत आणि उरलेले लोखंड नोंदणी रद्द करून अधिकृत मोडतोड केंद्रात द्यावे.