चिलखती मोटार

१२ मार्च १९५५ ची गोष्ट. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी, आणि आपले मलकापूरही त्याच राज्यात. पंतप्रधान नेहरू उघड्या मोटारीतून नागपुरात चालले होते. इतक्यात एक रिक्षावाला चाकू घेऊन मोटारीवर झेपावला. तो लगेच पकडला गेला. नेहरूंना इजा झाली नाही.

पण चाकू हाताने अडवता येतो, गोळी नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी उघड्या मोटारीतच गोळ्यांना बळी पडले.

चिलखती मोटारीच्या दारांत पोलादी पत्रे असतात. काच म्हणजे काचेचे नि प्लास्टिकचे थर एकावर एक चिकटवलेले. टायर फुटले तरी गाडी काही अंतर धावते. वजन मात्र फार वाढते, म्हणून इंजिनही दणकट लागते. ताफ्यात सारख्याच दिसणाऱ्या मोटारी ठेवतात, म्हणजे नेता कोणत्या गाडीत आहे ते कळू नये.

तरी १९८४ साली इंदिरा गांधींवर घराच्या आवारात त्यांच्याच रक्षकांनी गोळ्या झाडल्या. १९९१ साली माजी पंतप्रधान राजीव गांधी श्रीपेरुंबुदूरला लोकांत उतरल्यावर स्फोटात गेले. मोटार राखते ती दार उघडेपर्यंतच. आणि मते मागणाऱ्याला दार तर उघडावेच लागते! म्हणून रक्षणाची खरी परीक्षा मोटारीबाहेर, गर्दीत होते.