पिकअपचे मागील पाटे आणि शेतमालाचा भार

काशीच्या मणिकर्णिका घाटाला सरपणाने भरलेल्या मोठ्या नावा लागतात. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेल्या या घाटावर गेलेल्या मराठी यात्रेकरूस लाकडाच्या उंच राशी आणि ते तोलण्याचे तराजू हमखास दिसतात. लाकूड ओले असेल तर त्याच ढिगाचे वजन वाढते. परंतु नाव किती भरली, हे पाणीच सांगते. भार वाढला की नाव तितकी खोल बसते.

शेतमाल वाहणाऱ्या पिकअपच्या बाबतीत हे काम मागील पाटे करतात. भार वाढला की हौदा खाली बसतो. हे बसणे नकोसे वाटते म्हणून अनेक शेतकरी जादा पाटा, रबरी आधार किंवा हवेचे फुगे बसवून घेतात. योग्य ठिकाणी हा उपाय उपयुक्त आहे. मात्र गाडी बसायची थांबली म्हणजे तिची क्षमता वाढली, असा समज करून घेणे घातक ठरते. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस पूर्वीचेच राहतात. नाहीसा होतो तो केवळ इशारा.

प्रथम वजन, मग उपाय

नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचे रिकामे वजन व कमाल एकूण वजन नमूद असते. दोहोंतील फरकात माल, क्रेट, चालक आणि सोबतची माणसे हे सर्व बसले पाहिजे. क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो धरल्यास ६० क्रेटचा माल १,२०० किलो होतो. रिकाम्या क्रेटचे वजन २ किलो धरल्यास आणखी १२० किलो वाढतात. दोन मजूर बसले की हिशोब पुढे सरकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. म्हणून हंगामाच्या प्रारंभी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घ्यावी.

त्यानंतर सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकाम्या व भरलेल्या अवस्थेत मोजावे. डाव्या-उजव्या मापांत मोठा फरक असल्यास तुटलेला पाटा, झिजलेले बुश किंवा एकांगी भरणी यांपैकी एक कारण असते. जुने पाटे सपाट झाले असतील तर ते प्रथम बदलावेत. मान्य भारातही आस रबरी ठोकळ्यावर आदळत असेल, तरच जादा आधाराचा विचार करावा.

कोणता आधार कोणासाठी?

संचातच घातलेला जादा पाटा स्वस्त व टिकाऊ असतो. परंतु रिकामी गाडीही ताठ राहते व उसळते. भार आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा त्या मानाने बरा. तो रोज जवळपास सारखाच भार नेणाऱ्यास योग्य ठरतो. ठोकळ्याच्या जागी बसणाऱ्या पोकळ रबरी आधारास देखभाल कमी लागते व भार वाढेल तसा तो घट्ट होतो. हवेचे फुगे भारानुसार कमी-अधिक भरता येतात. म्हणून एके दिवशी कांदा आणि दुसऱ्या दिवशी हलका भाजीपाला नेणाऱ्यास ते सोयीचे. मात्र उत्पादकाने सांगितलेल्या किमान दाबाखाली ते चालवू नयेत. गळती व नळीचे घर्षण नियमित तपासावे.

द्राक्ष, टोमॅटो यांसारख्या नाजूक मालासाठी ताठ गाडी हितावह नाही. धक्के पाट्यांत जिरले नाहीत तर ते क्रेटपर्यंत पोचतात आणि मणी गळतात, फळांना मार बसतो. वाहतुकीतील हे नुकसान बाजारात दराच्या रूपाने दिसते.

ब्रेककडे विशेष लक्ष

काही वाहनांत मागील ब्रेकचा दाब हौद्याच्या उंचीनुसार ठरवणारा झडपेचा दांडा आसाला जोडलेला असतो. हौदा बसला नाही तर ही झडप गाडी रिकामी समजते आणि मागील चाकांस कमी दाब देते. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी घाट उतरताना थांबण्यास अधिक अंतर घेऊ शकते. जादा आधार बसवल्यावर ही झडप अधिकृत कारागिराकडून पुन्हा जुळवून घ्यावी, हेडलाइटची दिशाही तपासावी. नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदलांस कलम ५२ प्रतिबंध करते, याचेही भान ठेवावे.

भाराची जागाही महत्त्वाची आहे. समोरच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत १,००० किलोंचा मध्य मागील आसाच्या ३० सेंमी पुढे असेल, तर ९०० किलो मागे व १०० किलो पुढे पडतात. तोच मध्य ३० सेंमी मागे गेला, तर मागे १,१०० किलो येतात आणि पुढील चाकांवरून १०० किलो उचलले जातात. परिणामी सुकाणू हलके पडते. कोणताही हेल्पर ही चूक दुरुस्त करीत नाही. जड पोती केबिनलगत भरणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटाच्या बैठकीत एक भरलेली पिकअप काट्यावर नेऊन वजन व उंची या दोन्हींची नोंद सर्वांसमोर करून दाखवावी. काट्यावरचा आकडा आणि फूटपट्टीवरचे माप शेजारी ठेवले की आधाराची गरज आहे की भार कमी करण्याची, हे शेतकऱ्यास स्वतःच ठरवता येते.