शेजारचा वाफा

काष्टीच्या शिवारात उन्हाळ कांद्याचं प्रात्यक्षिक मोजलं जात होतं, तेव्हा मी बांधावर होतो. एका पट्ट्यात राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा ‘भीमा शक्ती’ वाण, त्याला खेटून शेतमालकाचं घरचं गावरान बी. लागवड एकाच आठवड्यातली, पाणी एकाच विहिरीचं. निम्म्याहून जास्त कांद्यांच्या माना पडल्यावर काढणी धरलेली. चौरस मीटरची चौकट कडेच्या वाफ्यात पडणार, एवढ्यात मालकानं हटकलं. कडेच्या रोपाला ऊन, वारा, मोकळी जागा सगळंच जास्त. तिथला कांदा फुगणारच. चौकट आतल्या वाफ्यात गेली. उपटलेल्या कांद्यातून जोडकांदे, फुलाचे दांडे आलेले डेंगळे, बारीक गोल्टी वेगळी झाली आणि मग काटा लागला.

पण त्या वजनावर मालक कौल देईना. पातीसकट सुकवायचा, बोटभर मान ठेवून कापायचा, कांदाचाळीत भरायचा. पावसाळ्यात चाळ फोडल्यावर सड किती, कोंब किती, घट किती, ते पाहून पुढच्या वर्षीचं बी ठरणार.

विज्ञान-तंत्रज्ञान उद्यानांचं मूल्यमापनही या कांद्यासारखंच व्हायला हवं: तुलनेला शेजारचा वाफा, आणि कौल चाळ फोडल्यावर. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८६ पासून सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर. अशा संस्थांचा विषय निघाला की आकडे येतात ते चौरस फुटांचे, नोंदवलेल्या स्टार्टअपचे, पेटंटच्या अर्जांचे. ही झाली नुसती लागवड. शिवाय उद्यान प्रवेश देतानाच होतकरू कंपन्या निवडून घेतं. मग त्या पुढे गेल्या त्या उद्यानामुळे, की मुळातच दमदार होत्या म्हणून?

ब्रिटनमध्ये केंब्रिज सायन्स पार्क १९७० मध्ये सुरू झालं. पुढे अशी उद्यानं वाढल्यावर तिथल्या अभ्यासकांनी आतल्या कंपन्यांच्या जोडीला त्याच वयाच्या, त्याच धंद्यातल्या बाहेरच्या कंपन्या ठेवून पाहिल्या. संशोधनावरचा खर्च, पेटंट यांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. एवढ्यावरून उद्यानं निरुपयोगी ठरत नाहीत. प्रयोगशाळेचं महागडं यंत्र तासावर वापरायला मिळणं नव्या उद्योजकाला केवढा आधार देतं! पण तो आधार मोजायचा तर उद्यानांनी प्रवेश नाकारलेल्या अर्जदारांचीही नोंद ठेवली पाहिजे, आणि कंपनी बाहेर पडल्यावर निदान पाच वर्षं दोघांचीही विचारपूस केली पाहिजे: धंदा चालू आहे का, माल विकला जातो का, किती माणसं कामाला आहेत. उद्यानांच्या सरकारी अनुदानाच्या अर्जात या नोंदीचा रकाना सक्तीचा करावा.