दिसलेला बागुलबुवा

‘तुंबाड’ मी दोनदा थिएटरात पाहिला. एकदा ऑक्टोबर २०१८ मध्ये, तो पहिल्यांदा लागला तेव्हा, आणि पुन्हा सप्टेंबर २०२४ मध्ये, भाच्याच्या हट्टाखातर. बाहेर पडताना तो भारावलेला होता आणि मी गप्प होते. “मावशी, नाही आवडला?” म्हणाला. “नाही रे,” म्हटलं. त्यावर त्यानं जे विचारलं, तेच मी सहा वर्षं निरनिराळ्या माणसांकडून ऐकत आले आहे. “म्हणजे तुला कळला नाही का?”

नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं पांघरुणात लपून वाचत मोठी झालेली मी. हा प्रश्न मला लागतो. या सिनेमाभोवती आणि तो न आवडणाऱ्यांभोवती बरेच गैरसमज साचले आहेत, त्यातले काही इथे मांडते.

गैरसमज : ज्यांना ‘तुंबाड’ आवडला नाही, त्यांना तो कळला नाही.

वस्तुस्थिती : न कळण्यासारखं त्यात काही नाही. सुरुवातीलाच लोभाविषयीचं गांधीजींचं म्हणून सांगितलं जाणारं वचन पडद्यावर येतं. पाठोपाठ बाप मुलाला हस्तरची गोष्ट सांगतो. समृद्धीच्या देवीचा हा पहिला आणि लाडका मुलगा. त्यानं सोनं लुटलं, धान्यावरही हात टाकला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. म्हणजे लोभाचं फळ काय, हे पहिल्या काही मिनिटांतच आपल्या हातात दिलेलं असतं. पुढे १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत तेच सिद्ध होत जातं. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. सगळं फार लवकर आणि फार नीट कळतं.

गैरसमज : हा सिनेमा पुराणातल्या किंवा कोकणातल्या जुन्या दंतकथेवर आधारलेला आहे.

वस्तुस्थिती : हस्तर कुठल्याही पुराणात नाही. तो सिनेमासाठी घडवलेला आहे. ‘हस्तुर’ हे त्याच्या जवळचं नाव अमेरिकन भयकथांत आढळतं. अँब्रोस बिअर्सनं ते वापरलं आणि १८९५ च्या ‘द किंग इन यलो’मध्ये रॉबर्ट चेंबर्सनंही. देव नव्यानं घडवायला माझी हरकत नाही, लेखकाचा तो हक्कच आहे. पण कोकणात ज्यांची नावं संध्याकाळी हळू आवाजात घेतात, ते वेताळ, मुंजा, देवचार, राखणदार पाहा. त्यांना जागा असते, वाट असते, त्यांचं देणं असतं. राखणदाराचा नारळ चुकला तर काय होईल याची धास्ती सगळ्या वाडीला असते, कारण त्याच्या शेजारीच राहायचं असतं. हस्तरला असं गाव नाही. त्याच्या तुंबाडमध्ये वाडा आहे, पाऊस आहे, पण या शापाबरोबर रोज जगणारी माणसं जवळजवळ नाहीत. वर्षाचं नावही असंच पाटीपुरतं राहतं. १९१८ म्हणजे मुंबई इलाख्यात अपुरा पाऊस आणि इन्फ्लुएंझाची साथ. धान्याची भूक हाच ज्या दैत्याचा शाप, त्याच्या गोष्टीत त्या वर्षाचं काहीच उमटू नये, याची मला खंत वाटते.

गैरसमज : हा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरचा सिनेमा आहे.

वस्तुस्थिती : नाही. त्या दोन खंडी कादंबरीतून आलं ते फक्त नाव. कथेचं बीज धारपांचं. त्यांची एक गोष्ट १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली आणि ती मनातून गेली नाही, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे. आणि घरात एकटा मुलगा आणि त्याला भिववणारी आजारी आजी ही मांडणी स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’तही आहे.

गैरसमज : न आवडणाऱ्यांना भीतीच वाटत नाही. खूप भयकथा वाचून ते निबर झालेले असतात.

वस्तुस्थिती : मला भीती वाटली आणि चांगलीच वाटली. पहिल्या भागात.

घरातल्या एका खोलीत आजी कोंडलेली आहे. तिची भूक संपत नाही. ती जागी झाली, तर तिला झोपवायला हस्तरचं नाव घ्यायचं. एका रात्री आई घरी नाही, धाकटा भाऊ जखमी, आणि लहानग्या विनायकाला एकट्यानं त्या दाराशी जायचं आहे. ऐन वेळी ते नावच त्याला आठवत नाही. माझे तळवे गार पडले होते. कारण हे माझ्या घरातलं होतं. “झोप मुकाट्यानं, नाहीतर बागुलबुवा येईल” हे ऐकत आपण सगळे झोपलो आहोत. बागुलबुवा कसा दिसतो हे कुठल्याच आईनं सांगितलं नाही. त्याला दात किती, रंग कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर तो प्रत्येक घरातल्या अंधारात मावत होता. ज्या नावानं ती भयंकर म्हातारी क्षणात गप्प होते, तो स्वतः कसा असेल, या विचारानं मी खुर्चीत आक्रसून बसले होते.

मग हस्तर दिसतो. लाल अंगाचा, उड्या मारत येणारा. त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकायची, तो खात असताना लंगोटातली मोहरांची चळत लुटायची, पिठाच्या रिंगणात सुरक्षित राहायचं, दोर धरून वर यायचं. पहिल्या वेळी छाती धडधडते. पण नियम समजले की तो धंदा होतो. पुढे तर बाप झालेला विनायक मुलाला त्याचा सराव देतो आणि आपण अंदाज बांधत बसतो की या वेळी मोहरा किती निघतील.

‘तुंबाड’वर प्रेम करणारे इथे सांगतात की दिग्दर्शकाला हेच म्हणायचं होतं, सवयीनं लोभ भीतीला गिळून टाकतो. हा मुद्दा खरा आहे, मला तो मान्य आहे. पण भीती विनायकाची जायला हवी होती, माझी नाही. तो निर्ढावत जाताना मी जास्त जास्त घाबरत गेले असते, तर मी या सिनेमाला भयपट म्हटलं असतं.

आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. भरतानं भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तीन रस वेगळे सांगितले, कारण त्यांच्या मुळाशी असलेले भाव वेगळे आहेत, भय, जुगुप्सा आणि विस्मय. हस्तर राहतो ते जमिनीखालचं मांसल, श्वास घेणारं गर्भागार पाहून मला विस्मय वाटला. पंधरा वर्षांनी अंगातून झाड उगवलेली तीच आजी पाहून जुगुप्सा वाटली. दोन्ही उत्तम साधलं आहे. समीक्षकांनी ज्याची स्तुती केली ते सगळं पडद्यावर खरोखर आहे, फक्त त्यातलं बरंचसं भयानक रसाचं नाही.

गैरसमज : न आवडला म्हणणं म्हणजे मराठी माणसाच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचा अपमान.

वस्तुस्थिती : ती मेहनत मला दिसते. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, पुष्कळसं पुन्हा केलं गेलं आणि २०१५ पर्यंत चाललं. तो पाऊस इतका ओला आहे की कपडे कुबट झाल्यासारखे वाटतात. सासवडच्या वाड्याला पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यानं जे रूप दिलं, तसं हिंदी सिनेमात मी फार कमी पाहिलं आहे. म्हाताऱ्या आजीच्या जाड रंगभूषेखाली मोहम्मद समद हा मुलगा आहे, जो विनायकाचा मुलगा पांडुरंगही झाला आहे, हे कळल्यावर मी थक्क झाले. व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ या सिनेमानं झाला, तेव्हा मलाही आनंद झाला होता. फिल्मफेअरनं त्याला तीन पुरस्कार दिले, छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि ध्वनी आरेखन यांसाठी. मला विचारलं असतं तर मीही हेच तीन दिले असते.

गैरसमज : पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली, म्हणजे निकाल लागला.

वस्तुस्थिती : कमाई जास्त झाली हे खरं. लोक थिएटरात परत आले, याचा मला आनंदच आहे. त्यातलं एक तिकीट माझंही होतं.

त्या रात्री चालत घरी येताना मी भाच्याला विचारलं, “तुला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली?” त्यानं बराच वेळ विचार केला. हस्तरचं नाव घेईल असं मला वाटलं होतं.

“ती खोली गं,” तो म्हणाला. “आजी झोपलेली असते, आणि दार अजून बंद असतं, तेव्हा.”