अर्धा दातेरी चाकू : कोणाच्या कामाचा, कोणाच्या नाही?

दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चाकू किती वेळा हाती घ्यावा लागतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. गोणीची सुतळी, गाठोड्याची नायलॉनची दोरी, खोक्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी, सगळ्याला चाकू लागतोच. बाजारात घडीचे असे चाकू मिळतात, ज्यांच्या पात्याचा पुढचा भाग साध्या धारेचा आणि मुठीजवळचा भाग दातेरी असतो. व्यापारी व कारागीर बांधवांनी तो घ्यावा काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

दातेरी धार आपल्याला नवी नाही. भाताच्या कापणीला शेतकरी दातेरी विळा वापरतातच. दात आधी मालात रुततात. हाताचा सारा जोर त्या थोड्या टोकांवर येतो, म्हणून निसरडी दोरी धारेखालून सटकत नाही. दोन दातांमधील खोलगट भागातील धार फळीवर घासत नाही, त्यामुळे ती बरेच दिवस टिकते. मुठीजवळ जोर अधिक लागतो, म्हणून दात तेथे काढलेले असतात. मात्र हा चाकू दाबायचा नसतो, ओढायचा असतो.

१९८२ साली अमेरिकेतील स्पायडरको कंपनीने 'मरिनर' नावाचा पूर्ण दातेरी पात्याचा घडीचा चाकू बाजारात आणला. दर्यावर काम करणाऱ्यांना ओला दोर झटपट कापावा लागतो, त्यांची गरज त्यामागे होती. अर्धे दातेरी पाते ही त्यापुढची तडजोड आहे. दोर मागच्या भागाने कापावा, बारीक काम पुढच्या भागाने करावे.

तडजोडीत दोन्हीकडे थोडे सोडावे लागते. तीन इंची पात्यात प्रत्येक धारेच्या वाट्याला दीड इंचच येते. दातेरी धार कापताना माल थोडा फाडते. कापडाचे धागे निघतात, चामड्याची कड खडबडीत होते, पुठ्ठ्याचा भुसा पडतो. म्हणून शिंपी बांधवांनी कात्री आणि चर्मकाम करणाऱ्यांनी रापी सोडू नये. खाटीक बांधवांना हा चाकू उपयोगाचा नाही. जबिहाच्या सुरीला तर गुळगुळीत, तीक्ष्ण धारच हवी. गोदामवाले, भुसार व फळांचे व्यापारी, मंडपवाले, हमाल आणि मालवाहतूक करणारे यांना मात्र त्याचा खरा फायदा आहे.

खरी अडचण धार लावण्याची आहे. आमच्या एका चाकूला धार लावणाऱ्याने नेहमीच्या चाकावर धरले आणि पाच मिनिटांत दात बोथट करून परत दिले. चाकू चांगला होता, पैसे वाया गेले. दातेरी भागाला सपाट दगड चालत नाही. निमुळती, बारीक गोल कानस किंवा हिऱ्याची पूड बसविलेली सळई एकेका खोबणीत फिरवावी लागते. बहुतेक पात्यांचे दात एकाच बाजूने घासलेले असतात. तेवढीच बाजू घासावी, दुसऱ्या बाजूची कड हलक्या हाताने काढावी. धार लावणाऱ्या कारागीर बांधवांनी अशी एक सळई जवळ ठेवली, तर नवे गिऱ्हाईक मिळू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात; घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्याहून लहानच असतो. तरी महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघाला असेल, तर चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते. अशा दिवसांत कामाचा चाकू दुकानातच ठेवून घरी जावे. कामाच्या वस्तूपायी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळ कोणावर येऊ नये.

थोडक्यात, दिवसभर दोरी कापणाऱ्याने अर्धा दातेरी चाकू जरूर घ्यावा. इतरांना साधे पाते आणि चांगला दगड पुरेसा आहे.