गोधडीला कोणतं मशीन?

धुळ्यात देवपूर भागातल्या एका काकू पायमशीनवर गोधड्या शिवून देतात. वर-खाली लुगडं, मध्ये जुन्या साड्यांचे चार थर, कडेला दुमडलेली पट्टी. सरळ टीप मारताना मशीन मुकाट चालतं. कोपऱ्यात पट्टीची घडी घडीवर येते, तिथे चाक अडतं, टाके सुटतात आणि जोर केला की सुई मोडते. "हाई मशीन मन्ही सासूनी शे," काकू म्हणाल्या. ते काढून टाकायला मन होत नाही, पण गिऱ्हाईक वाढलंय आणि गुडघे दुखतात.

त्यांच्याजवळ बसून पाहिलं तर वेळ टिपेत फारसा जात नाही. तो जातो थर अंथरण्यात आणि गोधडीची गुंडाळी मशीनच्या पोटात कोंबण्यात. घरगुती काळ्या मशीनला सुईपासून खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा असते. मधल्या ओळी घालताना अर्धी गोधडी तिथेच अडकते. कारखान्याच्या मशीनला हीच जागा दहा इंचांच्या आसपास मिळते. शिवाय दाब गुडघ्याने उचलता येतो आणि चांगला वर जातो, दोन्ही हात गोधडीवरच राहतात. गोधडीवाल्या बाईला खरा फायदा इथे आहे.

जुन्याच मशीनला छोटी मोटर लावणं स्वस्त पडतं, पायांना आरामही मिळतो. पण हळू चालवताना त्या मोटरला जोर नसतो. जाड घडीवर ती नुसती गुणगुणते, चाक हातानेच फिरवावं लागतं. जागा तर तेवढीच राहते.

अडचण कापडाचीही आहे. खान्देश कापसाचा, पण काकूंकडे येतात त्यांतल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या. सुती कापड एकमेकांना धरून राहतं, पॉलिस्टर सरकतं. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो आणि ओळ संपताना चुण्या पडतात. म्हणून काकू आधी हाताने मोठा धावदोरा घालतात आणि मग मधून कडेकडे शिवत जातात. हे काम नवं मशीन वाचवत नाही. वेगाचंही तसंच. कारखान्याचं मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतं, पण त्या वेगात सुई तापते आणि पॉलिस्टर वितळून तिला चिकटतं. गोधडीला संथ चालच हवी.

जळगावात मशीनदुरुस्तीच्या एका दुकानात तसंच काळं मशीन उघडलेलं पाहिलं. दात्यांखाली जुन्या कापडाचा भुसा नमद्यासारखा दाबून बसला होता. दुकानदार भाऊंनी तो काढला, शटल पुसलं, तेल दिलं, दाबाचा स्क्रू थोडा सैल केला आणि १४ नंबरच्या सुईऐवजी १८ नंबरची लावली. मग चिंध्यांची जाड घडी घालून पाहिली. मशीन न अडता पार गेलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्यापुरत्या गोधड्या शिवणाऱ्या बाईने आधी एवढी दुरुस्ती करून घ्यावी. काकूंसारखा रोजचा धंदा असेल तर छोट्या मोटरवर पैसे न घालता सर्वो मोटरचं कारखान्याचं मशीन घ्यावं. त्यात वेग कमी करून ठेवता येतो आणि पाय दाबला तेवढीच मोटर फिरते. नक्षीचे टाके देणारं हलकं मशीन या कामाला घेऊच नये. पैशांसाठी २०२३ला सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे: अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज. जुनं पायमशीन मात्र विकू नका, वीज गेली की तेच चालतं.

आणि दुकानात जाताना आपली अर्धवट शिवलेली गोधडी सोबत न्या. दुकानदार पातळ कापडाच्या तुकड्यावर मशीन चालवून दाखवेल, त्यावर जाऊ नका. गोधडीचा सगळ्यात जाड कोपरा स्वतः शिवून बघा, मगच पैसे द्या.